बेल्मिरोचं नाक

माझ्या घोडीच्या मानेत नाक खुपसून बेल्मिरो उभा होता. सकाळचं धुकं अजून दारातच रेंगाळत होतं, आणि मी गवताचा भारा घेऊन तबेल्यात शिरतो तो हे दृश्य.

"काय रे कोंपाद्रे," मी म्हटलं, "लाउरिंदाने घरातून हाकललं की काय?"

"गप रे. तिला हलू देऊ नकोस."

"ती कशाला हलतेय? बरं वाटतंय तिला. इतक्या वर्षांत कुणी एवढं जवळ घेतलं नव्हतं."

तो हसला नाही. मानेचा वास घेऊन झाला, मग पाठीचा, मग खोगिराखालच्या घामट घोंगडीचा. ग्लासावर वाकल्यावर करतो तसंच सगळं, डोळे मिटून, भुवया वर चढवून. मग डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं, जणू त्याचं काहीतरी मीच पळवलंय.

"मला येतो," तो म्हणाला. "घोड्याचा वास मला अगदी स्वच्छ येतो. मग तळघरात का येत नाही?"

मी भारा खाली टाकला.

बेल्मिरोच्या मुलाचा मी धर्मपिता. आमच्याकडे एकदा का चर्चमध्ये बाप्तिस्म्याला दुसऱ्याचं मूल हातात धरलं, की त्याचा बाप आणि तुम्ही जन्माचे कोंपाद्रे. मुलगा लक्झेंबर्गला जाऊन तिथलाच झाला, आम्ही दोघे मात्र अजून एकमेकांना तीच हाक मारतो. मी घोडी घेऊन मळे नांगरतो, कारण आमच्या उतारावरच्या अरुंद ओळींत ट्रॅक्टर शिरत नाही. तो मळ्याच्या मालकीण दोना ऑर्तेन्सियाबाईंचं वाइनचं तळघर सांभाळतो. त्याच्या आधी त्याचा बाप सांभाळायचा. पिंपं धुणं, भरणं, लाकडातून वर्षभर उडून जाते तेवढी वाइन पुन्हा ओतून पिंपं काठोकाठ ठेवणं, हे सगळं त्याचं काम. पण गावात त्याला मान आहे तो नाकामुळे. कुणाच्या घरची वाइन बिघडतेय असं वाटलं की बाटली घेऊन माणूस बेल्मिरोकडे जातो. हा वास घेणार आणि एका शब्दात सांगणार. त्यावर वाद नाही. आणि एवढं असूनही त्याने कधी नाकाने कांदे सोलले नाहीत, हे मी त्याचा कोंपाद्रे म्हणून नाही, खरं म्हणून सांगतो.

सांत मार्तिन्यो या संताच्या दिवशी, नोव्हेंबरात, नवी वाइन पहिल्यांदा काढतात. अख्खा गाव तळघराच्या अंगणात जमतो, चेस्टनट भाजतात, पण बेल्मिरो पहिला घोट घेऊन चांगली आहे असं म्हणत नाही तोवर कुणी ओठाला ग्लास लावत नाही. पाद्रीसुद्धा नाही.

आणि आता त्या दिवसाला दहा-बारा दिवस उरले असताना हा माणूस माझी घोडी हुंगत होता.

याला कारण इंजिनियरबाई. नाव बेनेदिता, वय तिशीच्या आसपास, शिक्षण वाइनचंच. दोना ऑर्तेन्सियाबाईंनी तिला गेल्या वर्षी सुगीच्या आधी आणलं. पहिल्याच दिवशी ती तळघरात शिरली, जुन्या पिंपांच्या रांगेतून एक फेरी मारली, आणि बेल्मिरोला म्हणाली, "सेन्योर बेल्मिरो, इथे घोड्याचा वास आहे."

"अबिलियो आत्ताच येऊन गेला," बेल्मिरो म्हणाला. अबिलियो म्हणजे मी.

"त्यांचा नाही. वाइनचा."

तेव्हा आम्ही खूप हसलो. पण बाई हट्टी. तिने पिंपांतले नमुने वीझेउ शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले. तिथे म्हणे ते काचेच्या बशीतल्या खिरीसारख्या थरावर पसरतात आणि काय उगवतं ते बघत बसतात. काहीच उगवलं नाही. उत्तर आलं, तुमच्या वाइनमध्ये खोडी करणारं काहीही जिवंत नाही. त्या संध्याकाळी बेल्मिरोने खानावळीत सगळ्यांना पाजली. बेनेदिता कोपऱ्यात बसून कोबीचं सूप पीत होती. तिलाही त्याने ग्लास दिला, आणि तिने तो घेतला. माणूस म्हणून वाईट नव्हती ती.

वसंतात वाइन बाटल्यांत भरून बाहेर गेली. उन्हाळा यंदा आगीसारखा आला. सप्टेंबरात त्यातल्या बऱ्याच पेट्या परत आल्या. घेणाऱ्याने एकच ओळ कळवली होती, की आम्ही वाइन मागवली होती, तबेला नाही.

पुन्हा नमुने गेले, आणि या वेळी बशा नुसत्या बुजबुजल्या होत्या.

मी त्या दिवशी द्राक्षांचा चोथा गाडीत भरत होतो, म्हणून तिचं बोलणं मला ऐकू आलं. नाहीतर असल्या शिकलेल्या बोलण्याची मला चीड आहे. पण ती साधं बोलली.

"चांगलं यीस्ट साखर खातं, वाइन करतं आणि मरतं," ती म्हणाली. "हे दुसरं यीस्ट आहे. हे उष्ट्यावर जगतं. लाकडात मुरलेलं, कुणालाच नको असलेलं, तेही खातं. वाइन टिकावी म्हणून आपण गंधक दिला, की बाकीचे मरतात. हे मरत नाही. अंग चोरून घेतं. खाणं बंद, वाढणं बंद, मेल्यासारखं पडून राहतं. प्रयोगशाळेतल्या बशीतसुद्धा उठत नाही. आम्हाला वाटतं, मेलं. मग गंधकाचा जोर ओसरला, हवा तापली, की जागं होतं. भुकेलेलं."

"मी गंधक वेळच्या वेळी दिलाय," बेल्मिरो म्हणाला.

"किती देता?"

"चिमूट. दर काही आठवड्यांनी चिमूट. बाप तसाच द्यायचा. एकदम दिला की वाइन दुसऱ्या दिवशी डोकं धरते. माझ्या वाइनने आजवर कुणाचं डोकं धरलं नाही."

बेनेदिता हळूच म्हणाली, "सेन्योर बेल्मिरो, रोज हलकी चापट मारली की मूल काय होतं?"

"कोडगं होतं," मी गाडीवरून बोललो. मला कुणी विचारलं नव्हतं.

बेल्मिरोने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

बरं, झालं ते झालं, पण प्रश्न पुढचा होता. यंदाची नवी वाइन स्टीलच्या टाक्यांत उभी होती, आणि सांत मार्तिन्यो झाला की ती पिंपांत भरायची. बेनेदिता म्हणत होती, जुनी पिंपं सगळी जाळा. धुऊन उपयोग नाही, ते लाकडात खोल गेलंय. बेल्मिरो म्हणत होता, पिंपं जाळली तर या मळ्यात उरतं काय? ती त्याच्या बापाने आणि आज्याने भरलेली पिंपं. दोना ऑर्तेन्सियाबाई ऐंशीच्या पुढच्या, त्यांना दोघांचंही पटत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर ग्लास मांडा. न सांगता, न दाखवता. आजारी ग्लास कुठला ते बेल्मिरो सांगेल. त्याला आजार दिसला तर पिंपं काढू, नाही दिसला तर ठेवू. माझ्या नवऱ्याने त्याच्या नाकावर विश्वास ठेवला, मीही ठेवते."

न्याय म्हणून हे छानच वाटलं. पण त्या क्षणापासून बेल्मिरोची झोप उडाली.

कारण तो खोटा माणूस नव्हता. खोटा असता तर रविवारी खांदे उडवून म्हणाला असता, मला काही दिसत नाही बुवा, आणि पिंपं वाचली असती. पण त्याला ती अशी वाचवायची नव्हती. त्याला बघायचं होतं, की सगळ्यांना येतो तो वास आपल्याला का येत नाही. त्या आठवड्यात तो एका जागी बसला म्हणून कुणी पाहिला नाही. सकाळी माझ्या तबेल्यात, तिथून लोहाराकडे चामड्याचा भाता हुंगायला, तिथून औषधांच्या दुकानात. बेनेदिता म्हणाली होती की कधीकधी तो वास चामड्यासारखा, नाहीतर जखमेवरच्या पट्टीसारखाही असतो. दुकानातल्या पोरीने त्याला पट्ट्यांची डबी उघडून दिली, आणि हा तिथेच काउंटरवर वाकून डोळे मिटून उभा. ती घाबरून लाउरिंदाला सांगायला धावली.

लाउरिंदा मला रस्त्यात भेटली. हातात मक्याची भाकरी, डोळ्यांत पाणी आणि तोंडात शिव्या.

"अहो कोंपाद्रे, काहीतरी करा त्याचं. सूप हुंगतो, उशी हुंगतो. काल माझं डोकं हुंगलं. म्हणतो, तुझा वास मला येतो का ते बघतोय. म्हटलं, इतक्या वर्षांनी आठवण झाली का?"

"मग? येतो का म्हणाला?"

"म्हणाला, तुझा काहीच वास येत नाही." तिने पदरासारखी शाल तोंडावर ओढली. "हे काय बोलणं झालं?"

मला हसू आलं आणि आतून काहीतरी तुटलंही. घरी जाताना मी माझी बाही हुंगून बघितली. लोक म्हणतात माझ्या अंगाला घोडीचा वास येतो. मला तर कधी आला नाही. पण हे बेल्मिरोला जाऊन सांगायची माझी हिंमत झाली नाही. सांगायला हवं होतं की नाही, देव जाणे.

रविवारी मिसा झाली. पाद्रीचं प्रवचन कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. आम्ही तळघराकडे निघालो. दोना ऑर्तेन्सियाबाई काठी टेकत पुढे, बेल्मिरो लग्नाचा कोट घालून मागे. दारात बेनेदिताने मला अडवलं.

"सेन्योर अबिलियो, रागावू नका, पण तुम्ही जरा बाहेर उभे राहता का? वारा आत येत नाही त्या बाजूला."

"का? मी चावतो?"

"तुमच्या अंगाला..." ती लाजली.

"घोडीचा वास येतो. माहीत आहे, बाई." आणि मी दाराच्या चौकटीबाहेर उभा राहिलो. दोना ऑर्तेन्सियाबाईसुद्धा हसल्या. फक्त बेल्मिरो हसला नाही.

दगडी टेबलावर तीन ग्लास होते. गेल्या वर्षीची वाइन, एकाच मळ्यातली, एकाच आठवड्यात खुडलेली. काही जुन्या पिंपांत मुरलेली आणि काही बेनेदिताने हट्टाने स्टीलच्या टाकीत ठेवलेली. कुठल्या ग्लासात कुठली, ते फक्त तिला माहीत. आजारी किती आणि धडधाकट किती, तेही तिने सांगितलं नव्हतं.

बेल्मिरोने पहिला ग्लास उचलला. फिरवला. नाक घातलं. त्याचे खांदे खाली आले. आठवडाभरात प्रथमच मी त्याला स्वस्थ झालेला बघितला. एक घोट घेतला आणि म्हणाला, "ही आपली."

दुसरा ग्लास. पुन्हा तेच. "हीसुद्धा आपली. थोडी वयाने लहान वाटते, पण आपली."

मग तिसरा. नाक घातलं आणि तो थबकला. पुन्हा फिरवला, पुन्हा नाक घातलं. त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. मला तो उजेड अजून दिसतो. आठवडाभर ज्याच्यामागे धावला ते हाती लागलं होतं.

"सापडलं," तो म्हणाला. "इंजिनियरबाई, माफ करा, मी तुमच्यावर हसलो होतो. तुम्ही खरं सांगत होतात. हिला काहीतरी झालंय. ही आजारी आहे. हिच्यात घरातलं माणूसच नाही. नुसतं फळ, आणि मागे काही नाही. रिकामं घर." त्याने ग्लास सगळ्यांना दिसेल असा उचलून धरला. "कुठल्या पिंपातली ही? ते पिंप मी स्वतः जाळतो."



मला बाहेरून बेनेदिताचा चेहरा दिसत होता, आणि तेवढ्यावरून मला सगळं कळलं. ती जिंकली होती, पण जिंकलेलं माणूस असं दिसत नाही. तिने ओठ चावला आणि म्हणाली, "सेन्योर बेल्मिरो, माझीच चूक झाली असेल. ग्लास मांडताना अदलाबदल झाली असेल. आपण पुन्हा करू या. उद्या करू."

बेल्मिरोने ग्लास खाली ठेवला. हळू ठेवला. मग तिन्ही ग्लासांकडे एकेक करून बघितलं.

"टाकीतली आहे का ही?" त्याने विचारलं.

तिने ग्लास आवरायला हात पुढे केला.

"बाई, तुमचा हात चुकत नाही. वर्षभर बघतोय मी."

"हो," ती म्हणाली. "टाकीतली."

"आणि त्या दोन्ही?"

"जुन्या पिंपांतल्या."

दोना ऑर्तेन्सियाबाईंनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "बेल्मिरो, बस जरा," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जी माया होती ती ऐकून मला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो बसला नाही. "म्हणजे जन्मभर मी ज्याला वाइन म्हणत आलो, तो आजार होता," तो म्हणाला. "बापाच्या अंगाला हाच वास यायचा. या तळघराला, माझ्या कोटाला. मला वाटायचं हीच वाइन. म्हणून येत नव्हता तो मला. माणूस स्वतःच्या घरात घराचा वास शोधत फिरला." मग दोना ऑर्तेन्सियाबाईंकडे वळून म्हणाला, "बाईसाहेब, मी सांगायचं ठरलं होतं, तर मी सांगतो. पिंपं काढा."

दुसऱ्या दिवशी कुणालाही हात लावू न देता त्याने स्वतः पिंपांवरची लोखंडी कडी ठोकून उतरवली. बेनेदिता मदतीला आली तर तिला फक्त फळ्या उचलू दिल्या. कडी निघाली की पिंप क्षणभर उभं राहतं, मग चहूबाजूंनी उलगडून पडतं, आणि आतून जांभळं लाकूड दिसतं. गावातली माणसं येऊन फळ्या मागू लागली. कुणाला घरच्या वाइनसाठी लहान पिंप करायचं होतं. बेल्मिरो त्यांना म्हणाला, "एक फळी नेलीत तर तुमचं घर नासेल. त्यात ते झोपलंय. आज मेलेलं दिसतंय, तुम्हाला फसवेल." हे शब्द बेनेदिताचे होते, पण त्याने आता ते स्वतःचे करून टाकले होते. अंगणामागे ढीग पेटला. तो शेवटपर्यंत फावडं घेऊन तिथेच उभा राहिला.

मी त्याच्याजवळ गेलो तर म्हणाला, "कोंपाद्रे, एक गंमत सांगू? त्या यीस्टचा मला राग येत नाही. गंधक खाल्ला, उपास काढले, थंडी काढली, अंग चोरून पडून राहिलं, पण जागा सोडली नाही."

"तू आता त्याचं कौतुक करत बसू नकोस."

"कौतुक नाही रे. ओळखीचं वाटतं." आणि निखारे ढोसू लागला.

सांत मार्तिन्योचा दिवस उजाडला तो स्वच्छ उन्हाचा. दुपारी अंगण भरलं. चेस्टनट तडतडत होते, पोरं तोंडाला काजळी फासून धावत होती, सॉसेजच्या चरबीचा धूर डोळ्यांत जात होता. रविवारचं सगळं गावाला कळलं होतं. आमच्या गावात भिंतींना कान नाहीत, तोंडं आहेत. तरीही बेनेदिताने टाकीची तोटी सोडून पहिला ग्लास भरला आणि बेल्मिरोपुढे धरला, तेव्हा सगळे नेहमीसारखे गप्प झाले.

"तुम्ही घ्या, बाई," बेल्मिरो म्हणाला. "हे आता तुमचं काम."

"मी घेतलेली आहे. ते माझ्यासाठी थांबलेले नाहीत."

खरंच होतं ते. सगळे ग्लास हातात धरून त्याच्याकडे बघत होते. पाद्री, खानावळवाली, लाउरिंदा. त्यांना यीस्ट माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. त्यांना बेल्मिरोचा शब्द हवा होता. मला त्यांचा राग आला. अरे, सोडा ना त्या माणसाला. पण नाही सोडलं त्यांनी, आणि आता वाटतं, बरं केलं.

त्याने ग्लास घेतला. फिरवला. नाक घातलं, नेहमीइतकाच वेळ. घोट तोंडात घोळवला. मी त्याच्या अगदी शेजारी होतो. त्याच्या डोळ्यांत मला दिसलं, की तिथे त्याला कुणीही भेटलं नाही. रिकाम्या घराचं दार उघडून तो आत बघत होता.

त्याने बेनेदिताकडे बघितलं. तिने मान हलवली नाही, डोळेही हलवले नाहीत. नुसती उभी राहिली.

"चांगली आहे," बेल्मिरो मोठ्याने म्हणाला.

अंगणात एकदम आवाज उसळला, ग्लास ग्लासांवर आपटले, कुणीतरी अकॉर्डियनचा भाता ओढला. लोक पिऊ लागले. त्या गोंगाटात बेल्मिरो माझ्याकडे वाकला. चाळीस वर्षं अख्ख्या गावाने ज्याला विचारलं, त्याने माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं.

"कोंपाद्रे, चांगली आहे ना रे?"

मी माझा ग्लास तोंडाला लावला. मला वाइनमधलं कधीच काही कळलं नाही. नीट घोट घेतला, घोळवला, गिळला.

"चांगली आहे," मी म्हणालो.

मग त्याने आपला ग्लास संपवला.